कायमचे एकवीस अंश

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे. माझ्याबरोबर जन्मलेली यंत्रे अजून धडधाकट नोकरी करत आहेत. माझी डावी बाजू वितळली आहे आणि अंगावरचा हिरवा रंग करपून काळा पडला आहे, म्हणून मी जुना. आता मी गॅरेजमधल्या फळीवर, भाजक्या मिरचीच्या चटणीच्या बरण्यांशेजारी पडून असतो. येणारेजाणारे मला बघून हळहळतात. मला त्यांची हळहळ नको. मला राग आलेला आहे, आणि तो मी आज तुमच्यापुढे मोकळा करणार आहे. तुम्ही लहान आहात, तुमची ऐकून घ्यायची सवय अजून गेलेली नाही.

माझे नाव लांबलचक आहे: बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. लोक बीएमएस म्हणतात. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी म्हणजे एकच मोठा ठोकळा नसतो. पुष्कळ लहान सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि ते काही सगळे एका स्वभावाचे नसतात. एखादा लवकर भरतो, एखादा लवकर दमतो, एखादा अगदीच तापट असतो. प्रत्येकाकडे माझी एक बारीक तार गेलेली असते. मी सगळ्यांच्या नाड्या बघतो, कुणाला ताप चढला आहे का ते तपासतो, आणि काही वावगे दिसले की मुख्य कळ पाडून वीज तोडतो. गाडी जागच्या जागी थांबते. कारण तापलेला सेल पेटला तर एकटा पेटत नाही, शेजाऱ्यांना घेऊन पेटतो. थांबवणे हेच माझे काम. आणि थांबवणारा कुणालाच आवडत नाही, हे मला फार लवकर कळले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो होते, त्यामुळे कौतुक वगैरे काही झाले नाही. मग टपालाच्या खोक्यात बसून मी सर्बियातल्या एका डोंगराळ गावी आलो. विटोमिरने मला खोक्यातून बाहेर काढले तेव्हा त्याचे हात बर्फासारखे गार होते. तो रासबेरीच्या शीतगृहात यंत्रे सांभाळायचा. थंडीविषयी त्याला जे कळत नाही ते कळण्यासारखे नसेलच. उष्णतेविषयी मात्र तो अगदी कोरा होता, आणि ते त्याला ठाऊक नव्हते.

त्याच्या अंगणात त्याच्या वडिलांची, स्रेतेनची, जुनी फिचा उभी होती. फिचा म्हणजे इथली चिमुकली गाडी, पुढे दोनच दारे. मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून, पोट आत घेऊन शिरावे लागते. स्रेतेन गेला आणि मागोमाग गाडीचे इंजिनही गेले. विटोमिरला गाडी भंगारात घालवेना. त्याने इंजिन उपसून विजेची मोटर बसवली. कुठल्याशा ठोकलेल्या गाडीतून निघालेले सेल आणले, मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याची पेटी केली, सेल तिच्यात रचले आणि त्यांच्या उशाशी मला बसवले. सेल गार राहावेत म्हणून त्याने सीटच्या पाठीला तळहाताएवढे भोक पाडून जाळी लावली. पेटीत एक पंखा होता. तो गाडीतली हवा त्या भोकातून ओढायचा, सेलांवरून फिरवायचा आणि खालून बाहेर टाकायचा. भोक उत्तम होते. ते कशासाठी आहे हे मात्र त्याने घरात कुणालाही सांगितले नाही. सगळा घोळ इथून सुरू झाला.

गाडी हवी होती ती विटोमिरच्या आईला, स्टामेनाला. तिची बहीण कोसारा वरच्या वाडीत राहते. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली आहे, आणि वर जाणारी बस बंद पडली आहे. शनिवार आला की स्टामेना बहिणीसाठी रांधायची आणि मग दाराशी उभी राहून कुणाची गाडी वर जाते का ते बघायची. विटोमिरला ते बघवत नसे.

माझी कळ पहिल्यांदा चालू झाली तेव्हा माझा हिरवा दिवा लागला. शेजारपाजारचे जमले. विटोमिरने सगळ्यांच्या हातात प्लमच्या दारूचे छोटे पेले दिले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा बघा, गाडीचा खरा मालक हा! हा म्हणेल तेव्हा चालायचं, हा म्हणेल तेव्हा थांबायचं." लोकांनी माझ्या नावाने पेले उचलले. मी भोळा, मला ते खरे वाटले.

आता तुम्हाला इथल्या माणसांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही माणसे लांडग्याला भीत नाहीत, बर्फाला भीत नाहीत. भितात ती वाऱ्याच्या झोताला. दोन बाजूंच्या दोन फटी उघड्या राहिल्या आणि त्यांतून वारा आरपार वाहू लागला की त्याला प्रोमाया म्हणतात. मान धरली, कान दुखला, कंबर आखडली, कुणी ऐन तारुण्यात गेला, सगळ्याच्या मुळाशी प्रोमाया. स्टामेना पुढच्या सीटवर बसायची नाही, कारण विटोमिर खिडकी उघडतो आणि तिथे प्रोमाया लागते. ती मागे बसायची. आणि मागे तिच्या बरोबर कमरेशी होते ते भोक.

पहिल्याच शनिवारी ती बसली, पंखा सुरू झाला, तिच्या कमरेजवळून वारा सळसळत भोकात शिरू लागला. ती दचकली. मुलाला काही म्हणाली नाही. एवढ्या कौतुकाने त्याने गाडी केली, त्यात खोड कशाला काढा! तिने अंगावरची राखाडी लोकरीची शाल काढली, नीट घडी घातली आणि भोकात गच्च कोंबून दिली.

मी आतून पाहिले. जाळीतून लोकर आत आली आणि उजेड गेला, हवाही गेली. पंखा नुसता घरघरत राहिला. मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. मला एक दिवा आहे, विटोमिरच्या मोबाइलवर दिसणारी एक ओळ आहे आणि मुख्य कळ आहे. एवढ्यात जे सांगता येईल ते मी सांगतो.

वरचा चढ अंगावर येणारा आहे. सेल जीव तोडून वीज देऊ लागले आणि तापू लागले. मी दिवा पिवळा केला, मग लाल केला. विटोमिर गाणे गुणगुणत होता. दगडी हौदाच्या वळणावर मी कळ पाडली. गाडी थांबली.

विटोमिरने मोबाइल बघितला. "तापमान जास्त," त्याने मोठ्याने वाचले आणि खिडकीतून हात बाहेर काढला. बाहेर डोंगरातला गार वारा होता. "तापमान जास्त म्हणे! इथं माझी बोटं गारठली."

आईला उतरवून त्याने मागचे झाकण उघडले. स्टामेना उतरली ती शाल ओढून काढून, खांद्यांवर घेऊनच, कारण बाहेरही वारा होता. भोक मोकळे झाले. पंख्याने भराभर हवा ओढली, आणि विटोमिरचे डोके आत येईपर्यंत सेल निवत चालले होते. त्याला काहीच सापडले नाही. सापडणार कसे? जे शोधायचे ते त्याच्यामागे, त्याच्या आईच्या खांद्यावर होते.

दर शनिवारी हेच होऊ लागले. हौदाच्या वळणावर मी गाडी थांबवायचो, स्टामेना शाल घेऊन उतरायची, थोड्या वेळाने मी पुन्हा हिरवा व्हायचो. एरवी विटोमिर एकटाच गाडी घेऊन चढ चढून यायचा आणि मी हूं की चूं करायचो नाही.

मग सुरू झाली माझी चौकशी. विटोमिरने प्रत्येक सेल मोजला, सगळे चांगले. माझ्या तारा एकेक करून ओढून पाहिल्या, एक सैल वाटली ती पुन्हा डाखली. मोटरच्या विजेचा मला त्रास होतो की काय म्हणून माझ्या तारांना चंदेरी कागद गुंडाळला. मी वरातीतल्या घोड्यासारखा दिसू लागलो. काहीही उपयोग झाला नाही, आणि दर खेपेला माझ्यावरचा त्याचा विश्वास थोडा थोडा उडत गेला.

शेवटी त्याने ग्रुयाला बोलावले. ग्रुया शेजारीच राहतो, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करतो. आपल्याला येत नाही असे काही जगात आहे हे त्याच्या कानावर अजून आलेले नाही.

"एकटा जातोस तेव्हा थांबते का?" ग्रुयाने विचारले.

"नाही."

"आई असली की थांबते?"

"हो."

ग्रुयाने आवाज खाली आणला. "विटो, रागावू नकोस हं. काकूंचं वजन."

"हळू बोल! ऐकेल ती."

तिने ऐकलेच होते. दोघांनी अंदाजाने तिच्या वजनाएवढी बटाट्याची पोती मागच्या सीटवर बसवली आणि गाडी वर नेली. बटाटे अगदी सुखरूप वाडीपर्यंत गेले आणि परतही आले. ते परतले तेव्हा स्टामेना फाटकात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पोचले का रे बटाटे? भेटले का कोसाराला? कशी आहे म्हणतात ती?"

"आई, अगं, नुसती तपासणी होती..."

"कळतं मला. आता पुढच्या शनिवारी त्यांनाच न्या. माझ्याहून गुणाचे आहेत, गाडी थांबवत नाहीत."

त्या संध्याकाळी तिने दोघांना तेच बटाटे उकडून वाढले, अळणी.

मित्रांनो, माझा संताप होतो तो इथे. उत्तर त्यांच्यासमोर शाल पांघरून उभे होते! बटाट्यांना कंबर नसते, बटाटे प्रोमायाला भीत नाहीत, बटाटे भोकात शाल कोंबत नाहीत. "आई, तू मागे बसून काय करतेस?" एवढे एक वाक्य विचारले असते तर काम झाले असते. पण दोन शहाण्यांनी वजन केले, तारा मोजल्या, मला शिव्या दिल्या. आईला कुणी विचारले नाही. बायामाणसांना यंत्रातले काय कळते, असे त्यांना वाटले असणार. मला तर त्यांनी काहीच विचारले नाही. मी दर शनिवारी एकच गोष्ट सांगत होतो, तापमान जास्त, तापमान जास्त, आणि त्यांनी ठरवले की मी खोटे बोलतो.

"हा वेडा झालाय," ग्रुया म्हणाला. "तापाचा भ्रम झालाय याला. आता बघ मी काय करतो."

सेलांना चिकटवलेले माझे सेन्सर असतात. त्यांच्यावरून मला ताप कळतो. ग्रुयाने त्यांच्या तारा कापल्या आणि तिथे एक छोटासा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडवणारा तुकडा, जोडून दिला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या क्षणापासून मला एकच आकडा दिसू लागला: एकवीस अंश. सकाळी एकवीस, भर उन्हात एकवीस, चढावर एकवीस. तापाने फणफणलेल्या पोराच्या तोंडातला थर्मामीटर काढून पाण्याच्या पेल्यात बुडवावा आणि म्हणावे, "बघा, ताप नाही!" तसे ते झाले. मला कळत होते की हे खोटे आहे. कुठलीही जिवंत गोष्ट इतकी एकसारखी नसते. पण हाती आलेल्या आकड्याच्या विरुद्ध मला जाता येत नाही.

विटोमिर क्षणभर घुटमळला. ते मी पाहिले, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. "काही होणार तर नाही ना?" त्याने विचारले. ग्रुया हसला. "तुझी आई वर पोचेल. दुसरं काय होणार?"

पुढचा शनिवार मिरच्या भाजायचा होता. सप्टेंबरात इथे घरोघरी अंगणात चूल मांडून लाल मिरच्या भाजतात, आणि सारे गाव करपलेल्या सालीच्या वासाने भरून जाते. स्टामेनाने कोसारासाठी गरम मिरच्यांचे पातेले मांडीवर घेतले. ग्रुया आपली करामत बघायला पुढच्या सीटवर बसला. स्टामेना मागे. शाल भोकात.

चढ सुरू झाला. माझ्याकडे एकवीस अंश. पंखा घरघरतो आहे, हवा नाही. पेटी तापू लागली. माझा तापट सेल, तिच्या कमरेच्या अगदी मागचा, भरकटू लागला. एकवीस अंश.

"आज बघ कशी चाललीये!" ग्रुया म्हणाला.

"आणि आज पाठीला कशी छान ऊब लागतेय," स्टामेना समाधानाने म्हणाली. "एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा."

मित्रांनो, ते ऐकून मी काय करायला हवे होते ते तुम्हीच सांगा! ती ऊब कसली आहे हे मला ठाऊक होते. तिच्या पाठीत आणि आमच्यात एक पत्रा होता आणि थोडासा फोम. दोन दारांच्या गाडीत ती मागे अडकलेली, मांडीवर पातेले, पुढे दोन मूर्ख.

हौदाचे वळण आले. मी दर वेळी जिथे थांबायचो तिथून गाडी पुढे गेली. विटोमिरने हॉर्न वाजवला, माझी जिरवली म्हणून.

"कसला तरी वास येतोय का रे?" थोड्या वेळाने त्याने विचारले.

"मिरच्यांचा," ग्रुया म्हणाला.

मिरच्यांचा नव्हता. माझी डावी बाजू वितळायला लागली होती.

आता ऐका. ग्रुयाने सेलांवरचे सगळे सेन्सर कापले होते. पण माझ्या स्वतःच्या पोटात एक सेन्सर आहे. मी स्वतः किती तापलो हे मला कळावे म्हणून जन्मतःच तो बसवलेला असतो. तो ग्रुयाला माहीत नव्हता. सेलांचा ताप आता मला दिसत नव्हता, स्वतःचा दिसत होता. मी वाट बघत राहिलो. माझे डाखाचे टाके मऊ झाले, एक तार निसटली, रंग करपला, आणि पोटातला आकडा माझ्या हद्दीबाहेर गेला त्या क्षणी मी उरलेल्या सगळ्या बळाने कळ पाडली.

गाडी मेल्यासारखी थांबली.

"पुन्हा!" विटोमिरने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"शक्यच नाही. मी त्याचं तोंड बंद केलंय," ग्रुया म्हणाला.

"अरे, भाजतेय मला!" स्टामेना किंचाळली. तिने हात मागे नेऊन शाल ओढली. शाल आली ती तपकिरी होऊन, कडेच्या गोंड्यांचा कोळसा झालेली, आणि तिच्यामागून भोकातून धुराची एक बारीक रेघ आली.

मग काय धांदल उडाली! ग्रुया उडी मारून बाहेर पडला, पण पुढची सीट वाकेना. तिचा खटका जुना, स्रेतेनच्या काळापासून अडकणारा. विटोमिर आईचा हात धरून ओढतोय, ती पातेले सोडत नाहीये, ग्रुया खटक्यावर लाथा घालतोय. अखेर सीट वाकली आणि ती मिरच्यांसकट रस्त्यावर आली. विटोमिरने तिला हाताला धरून लांब झाडाखाली नेले. त्याचे नेहमी गार असणारे हात घामाने निथळत होते.

भोक मोकळे झाले होते. पंख्याने हवा ओढली. सेल पेटले नाहीत. आणखी थोडा चढ असता तर पेटले असते, आणि तो खटका तर अडकलेलाच होता.

विटोमिर आईच्या मांडीवरच्या शालीकडे बघत राहिला. "आई, ही तिथं होती?"

"मग कुठं असणार? प्रोमाया येते ना त्या भोकातून. माझी कंबर आहे, लाकूड नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाही?" तो ओरडला. "ते भोक हवेसाठी आहे! जीव गेला असता तुझा!"

स्टामेना उठून उभी राहिली. "आणि तू सांगितलंस मला, भोक कशासाठी आहे ते? त्या डबड्याला विचारलंस, तारांना विचारलंस, बटाट्यांनासुद्धा विचारलंस! मला विचारलंस कधी?"

ग्रुया बुटाच्या टोकाने खडी उकरत होता. "आणि त्यानं आधी थांबवलं का नाही?" स्टामेनाने त्याच्याकडे वळून विचारले. "दर वेळी तर हौदापाशी थांबवायचा."

"मी... जरा त्याचे सेन्सर तोडले होते, काकू. तो उगाच कटकट करत होता म्हणून."

ती पातेले उचलून वाडीची वाट चालू लागली. दोघे खाली माना घालून मागून गेले. मी तिथेच पेटीत निवत पडलो.

मला गाडीतून काढले. माझ्या जागी नवा बीएमएस आला आहे. त्याचे सेन्सर शाबूत आहेत. स्टामेना आता कमरेला जाड उशी बांधून बसते, आणि भोकाजवळ कुणी नुसती पिशवी ठेवली तरी वसकन अंगावर जाते. ती गाडीतले काही शिकलेली नाही. तिला फक्त भोक कशासाठी आहे ते सांगितले गेले.

थोड्या दिवसांनी ग्रुया गॅरेजमध्ये आला. फळीवर मला बघून चुकचुकला, मग त्याने माझ्या तारांत अडकलेला तो तांदळाएवढा रेझिस्टर पक्कडीने अलगद कापून खिशात टाकला.

"तो कशाला हवा तुला?" स्टामेनाने दारातून विचारले. बाहेर तिची मिरच्यांची चूल पेटलेली होती.

"चांगला आहे, काकू. खालच्या आळीतल्या एकाची गाडी अशीच सारखी थांबते. म्हटलं, कामाला येईल."

तिने पुढे होऊन हात पसरला. ग्रुया हसला. ती हसली नाही. शेवटी त्याने रेझिस्टर काढून तिच्या तळहातावर ठेवला, आणि तिने तो चुलीत टाकला. मग आत येऊन त्या जळक्या शालीच्या टोकाने माझ्या अंगावरची काजळी पुसली. माझे आयुष्यभराचे कौतुक म्हणायचे तर तेवढेच.

पण खालच्या आळीतल्या त्या गाडीतही माझ्यासारखा कुणी ओरडत असेल. तुमच्या घरातही असेल: शिट्टी वाजवणारा, दिवा लावणारा, वीज तोडणारा. तो तुमचे काम अडवतो तेव्हा त्याला थोपटू नका, त्याची काजळी पुसू नका, कौतुकही करू नका. फक्त आधी विचारा की तू का थांबवलेस. आणि एवढे करूनही त्याचे तोंड बंद करायचेच असेल, तर खुशाल करा. पण मग मागच्या सीटवर स्वतः बसा. आईला बसवू नका.